बाळाचं वजन, एक दशांश

माझ्या धाकट्या बहिणीचं दूध बाळाला पुरत नाही, हे आधी एका कागदावर छापून आलं. मग ते डॉक्टरांनी सांगितलं, मग तिच्या सासूबाईंनी. आणि मी सकाळी डबा घेऊन वॉर्डात पोचले तेव्हा धाकटी स्वतःच ते मला सांगत होती. तोवर तिचा त्यावर पक्का विश्वास बसलेला होता.

"काचेच्या खोलीत नेणार आहेत त्याला. दुपारी," ती म्हणाली. "नळीनं दूध देणार. वजन उतरलंय, ताई. शंभर ग्रॅम. एका रात्रीत."

बाळ आमचं थोडं घाईचंच. वेळेच्या आधी आलं, अंगानं लहान, पण रडायला खणखणीत. आत्ता ते खाटेशेजारच्या पारदर्शक पेटीत पालथी मूठ गालाखाली घेऊन झोपलं होतं आणि ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब सुकला होता. उपाशी माणूस असा झोपत नाही. निदान आमच्या घराण्यात तरी नाही.

काचेची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. तिथे फार अशक्त बाळं ठेवत. त्यांच्या आयांना ठरलेल्या वेळीच आत सोडत, एरवी बाहेर उभं राहून काचेला नाक लावायचं. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती खोली देवासारखी. पण ज्याला गरज नाही ते मूल आईपासून तोडून तिथे ठेवायचं म्हणजे आईचं उरलंसुरलं दूधही आटवायचं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"मी म्हणतच होते," स्टुलावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणाला कधी असं कमी पडलं नाही. ही आधीपासून खायला नखरे करते. आता भोगा."

"तुम्ही थोडं बाहेर जाऊन चहा घेता का?" मी म्हणाले.

"मी चहा सोडलाय," त्या म्हणाल्या आणि जास्तच ऐसपैस बसल्या.

धाकटी उशीला टेकून बसली होती. तिचे केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले होते. लहानपणी भांडणात माझ्या दंडाला चावणारी ही मुलगी आता हळू आवाजात मला समजावत होती, "तो रात्रभर पितो गं. लंगोटही सारखे ओले करतो. पण नुसता ओढत असेल. पोटात काही जात नसेल. नाहीतर वजन कसं उतरलं असतं?"

त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं तापायला सुरुवात झाली. बाळ पितंय हे तिला दिसत होतं, लंगोट तिच्याच हातांनी बदलले जात होते, आणि तरी ती स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडून कागदाला खरं मानत होती.

"कुठला कागद? दाखव."

खाटेच्या पायाशी फळीला अडकवलेला कागद होता. त्यावर आजची तारीख आणि खाली: वजन २.२. खाटेशेजारी भिंतीवर पंजाएवढा स्क्रीन होता. त्यावर कालचं वजन: २.३. वॉर्डाची रीत अशी की आजचं वजन आधी कागदावर येतं, डॉक्टर राउंड संपल्यावर ते मान्य करतात, आणि मगच ते स्क्रीनवर चढतं. तोवर स्क्रीनवर कालचंच राहतं. म्हणजे डॉक्टर राउंडला येतात तेव्हा एका हातात आज असतो आणि भिंतीवर काल असतो, आणि तीनातून दोन वजा करायला कुणालाच कॅल्क्युलेटर लागत नाही.

मी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. किलोमध्ये, एक दशांश. नवजात बाळाचं वजन! सव्वादोन किलोच्या जिवाला एक दशांश म्हणजे शंभर ग्रॅमची पायरी. बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅमनं वाढतं. जिन्याची एकेक पायरी खोलीएवढी उंच बांधायची आणि मग म्हणायचं, रांगणारं मूल वर का चढत नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहिते. कुठल्या ट्रकमध्ये किती वजनाचा माल चढला, कुठे किती उतरला, हे सगळं. दशांश चिन्ह हे माझं जुनं दुखणं आहे. लोकांना वाटतं, यंत्राला सांगितलं 'एक दशांशापर्यंत दाखव' की झालं काम. यंत्र दाखवतं, पण कसं दाखवायचं ते ज्याच्या-त्याच्या रीतीवर. २.२५ हा आकडा घ्या. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेला सांगितलं तर ती २.३ दाखवते. तोच आकडा पायथन या दुसऱ्या भाषेला दिला तर २.२, कारण बरोबर मधोमध असेल तर शेजारच्या सम अंकाकडे झुकायचं, असा तिचा नेम. १.००५ ला दोन दशांशांत मागा, बऱ्याच भाषा १.०१ न देता १.०० देतात, कारण यंत्राच्या पोटात तो आकडा मुळातच केसभर कमी साठवलेला असतो. भाषांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येकीचा नियम लिहून ठेवलेला आहे. तो वाचायची तसदी न घेणाऱ्यांना मात्र मी मनसोक्त नावं ठेवते, आणि ऑफिसात त्याबद्दल माझी ख्यातीही आहे.

"सिस्टर," मी नर्सला हाक मारली, "काट्यावर सकाळी किती दिसलं होतं?"

नर्स एका हातानं एका बाळाचं टोपडं बांधत होती. "काट्यावर कोण बघतं आता? बाळ ठेवायचं, बटन दाबायचं, आकडा आपोआप जातो. परवापरवापर्यंत आम्ही हातानं लिहायचो, ग्रॅममध्ये. नवीन सिस्टीम आली आणि ते बंद झालं."

"पुन्हा वजन कराल?"

"दिवसातून एकदाच करायचं असतं." मग तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. "आणा इकडे."

काटा म्हणाला २.३२०. तीन दशांश, स्वच्छ, हिरव्या अक्षरांत. काट्याला सगळं माहीत होतं. त्याचं पुढे जाता जाता कुणीतरी तोंड दाबत होतं.

मी डॉक्टरांना पलीकडच्या खाटेजवळ गाठलं. मध्यमवयीन, दमलेला माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एवढं श्रेय देते.

"आत्ताच पाजलंय ना त्याला?" ते म्हणाले. "मग हे वजन धरता येणार नाही. सकाळचं उपाशीपोटीचं तेच खरं."

"पण सकाळचं खरं कुठलं? कागद आणि स्क्रीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमनं चालत असतील तर दोघांची तुलनाच करता येत नाही."

"हे बघा, वजन ते वजन. मी बाळांचा डॉक्टर आहे. तुम्ही काय करता?"

"गोदामांचे प्रोग्रॅम लिहिते."

शेजारच्या खाटेवरचा कुणाचा तरी नवरा खुदकन हसला. डॉक्टर हसले नाहीत. "बाळ खरंच उतरत असेल आणि मी वाट बघत बसलो तर? तुम्ही घ्याल जबाबदारी? माझा राउंड संपेपर्यंत काही दाखवायचं असेल तर दाखवा. मग हलवणार."

संगणक विभाग तळमजल्यावर होता, जिन्याखाली, जुन्या तुटक्या खाटांच्या पलीकडे. तिथल्या साहेबाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या शर्टाला चुणी नव्हती, बोलण्यालाही नव्हती, म्हणून मनातल्या मनात मी त्याचं नाव इस्त्री ठेवलं.

"मॅडम, सिस्टीम व्यवस्थित चालू आहे," इस्त्री म्हणाला. मी अजून काही बोललेच नव्हते.

मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, वजन एक दशांशात का?

"संचालकांना सगळं एकसारखं हवं होतं. त्यांच्या खोलीत मोठा बोर्ड आहे, सगळ्या वॉर्डांचा. कुठे तीन आकडे, कुठे एक, फार गबाळं दिसायचं. म्हणून वजनाच्या रकान्याला सरसकट एक दशांश."

"म्हणजे शंभर किलोचा पैलवान आणि माझा भाचा एकाच रकान्यात?"

"रकाना वजनाचाच आहे ना, मॅडम."

सगळ्यांना एका मापानं मोजणं ही म्हण म्हणून आपण वापरतो. इथे तिचं रीतसर परिपत्रक निघालं होतं.

"आणि हा एक दशांश करतं कोण?"

ते विचारल्यावर त्याला जरा उत्साह आला. खाटांजवळचे स्क्रीन बाहेरच्या कंपनीचे, जावास्क्रिप्टमध्ये. संचालकांचा बोर्ड पायथनमध्ये, तो त्यानं स्वतः बनवला होता. कागद छापणारा प्रोग्रॅम जावा या तिसऱ्याच भाषेत, तो एका कंत्राटदारानं लिहिला होता आणि कंत्राटदार आता परदेशी होता.

"तिघांना सूचना एकच दिली होती," तो अभिमानानं म्हणाला. "एक दशांश."

"दाखवा मला छपाईचा प्रोग्रॅम."

"तो गोपनीय…"

"दाखवा."

माझा हा आवाज आमच्या गोदामातले हमालही ओळखतात. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शोधायला वेळ लागला नाही. वजनाला दहानं गुणायचं, त्याचा पूर्णांक करायचा, पुन्हा दहानं भागायचं. पूर्णांक करताना जावा पुढचं सगळं छाटून टाकते. २.२१ चे २.२, आणि २.२९ चेही २.२. बिचाऱ्या जावाचा यात काही दोष नाही. आकडा नीट जवळच्या दशांशाला नेऊन दाखवायची सोय तिच्यात आहे. त्या कंत्राटदाराला ती वापरायची नव्हती, एवढंच.

"वेगवान आहे," इस्त्री म्हणाला.

"मूळ आकडे काढा. काट्यावरून आलेले."

त्यानं काढले. काल २.२५५. आज २.२८५.

माझ्या भाच्याचं वजन तीस ग्रॅमनं वाढलं होतं. स्क्रीननं कालच्या २.२५५ चे जवळचे २.३ केले. कागदानं आजच्या २.२८५ चे छाटून २.२ केले. वाढलेल्या बाळाला एकानं काल वर ढकललं, दुसऱ्यानं आज खाली दाबलं, आणि मधली शंभर ग्रॅमची तूट माझ्या बहिणीच्या छातीवर नेऊन लादली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! संचालकांच्या बोर्डावर तर बाळ आजही २.३ होतं, कारण पायथन जवळच्याला जात होती. इमारत एक, बाळ एक, आणि वजनं मजल्यागणिक निराळी.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"हे तुम्हाला चूक वाटत नाही?" मी विचारलं.

"चूक नाही म्हणता येणार," तो शांतपणे म्हणाला. "फरक आहे. स्क्रीनही एक दशांशच दाखवतो, कागदही एक दशांशच दाखवतो. आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत."

"मग चुकलं कोण? माझी बहीण?"

"असं मी कुठे म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. छापलंत."

त्यानं खण उघडून तक्रारीचा अर्ज काढला. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती, ती यावर जरूर विचार करणार होती. मी अर्जाला हातही लावला नाही. लॅपटॉप उचलला, काखेत मारला आणि निघाले. चार्जरची वायर सुटून फरशीवर घासत माझ्यामागे येत होती आणि तिच्यामागे इस्त्री. "मॅडम! मॅडम, ते ऑफिसचं आहे! माझी जेवणाची वेळ आहे!" एवढ्या धावपळीत त्याचा शर्ट पहिल्यांदा चुरगळला आणि मला फार बरं वाटलं.

वर पोचले तर वॉर्डबॉय पेटीची चाकं मोकळी करत होता. धाकटी खाटेवरून उतरून उभी होती. टाके ओढत असणार, ती वाकली होती, आणि दोन्ही हातांनी तिनं पेटीची कड धरून ठेवली होती. ती भांडत नव्हती, रडतही नव्हती. नुसती सोडत नव्हती.

"सोड गं," सासूबाई तिचं मनगट धरून म्हणत होत्या. "बाळाच्या भल्याचंच आहे ना. आपल्याच्यानं होत नाही तर निदान दुसऱ्यांना करू द्यावं."

"कुणीही कुठेही नेणार नाही," मी ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. तीन-चार बाळं एकदम रडायला लागली, त्यात आमचंही.

डॉक्टर आले. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि दाखवलं. हा काट्याचा आकडा, हा स्क्रीनचा, हा कागदाचा. ही ती ओळ, इथे छाटलं जातं. इस्त्री मागून धापा टाकत म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या दोन्ही…" आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच संपलं.

माणूस हुशार होता. समजायला त्याला मिनिटही लागलं नाही, आणि समजल्यावर त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर," ते म्हणाले, "या आठवड्यात वजनावरून काचेच्या खोलीत कुणाकुणाला हलवलं? सगळ्यांचे मूळ आकडे हवेत. ग्रॅममध्ये. आत्ता. आणि तुम्ही," हे इस्त्रीला, "इथून हलायचं नाही. तो छपाईचा प्रोग्रॅम बंद करा. उद्यापासून हातानं लिहू."

"संचालकांची परवानगी…"

"ती मी घेतो."

मग ते माझ्याकडे वळले. "थँक यू. आकडा चुकला होता. बाळ छान वाढतंय. असंच राहिलं तर दोन दिवसांत घरी सोडू."

वॉर्डबॉयनं चाकं पुन्हा अडकवली. सासूबाईंनी पदर सारखा केला. "वाढणारच," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं रक्त आहे."

मी जिंकले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं. इस्त्रीला आणखी दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलंच होतं, इतक्यात धाकटी बोलली. खाटेच्या कडेला बसून तिनं बाळाला पदराखाली घेतलं होतं.

"तुम्ही हे ताईला का सांगताय, डॉक्टर?"

डॉक्टर थांबले.

"दूध पुरत नाही हे मला सांगितलंत. सकाळी, सगळ्यांसमोर. 'आई म्हणून जरा लक्ष द्यायला हवं होतं,' असंही म्हणालात. आणि आकडा चुकला हे ताईला सांगताय." तिचा आवाज बारीक होता, पण ती थांबली नाही. "आकडा चुकला नाही. आकड्याला काय कळतं? तुम्ही आलात, कागद बघितलात, भिंतीकडे बघितलंत. मी मध्ये बसले होते. हा माझ्या मांडीवर पीत होता. एकदा तरी विचारलंत, किती पितो? किती वेळ झोपतो? लंगोट किती ओले होतात?"

"अगं, डॉक्टरांशी असं…" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही पण नाही विचारलंत, आई. तुम्ही रात्री इथेच होतात. चारदा उठून पाजताना बघितलंत मला. तरी सकाळी कागदाच्याच बाजूला गेलात."

सासूबाईंनी पदर पुन्हा सारखा केला. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग धाकटीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू, ताई. तू भांडलीस माझ्यासाठी, ठाऊक आहे मला. पण मी तुला सांगितलं, तो रात्रभर पितो. तू म्हणालीस, कागद दाखव."

खरं तर कागदाचा आकडा खरा निघाला असता, तर मीही डबा उघडून तिला समजवायला बसले असते की काही दिवसांचाच प्रश्न आहे, होऊ दे नळीनं. तिचं म्हणणं मलाही पुरलं नव्हतं. तीन दशांश मिळाले तेव्हा कुठे मी तिच्या बाजूनं ठाम उभी राहिले.

वॉर्डात आता आमच्याच बाळाचा आवाज होता, गटागटा पिण्याचा. इस्त्री लॅपटॉप छातीशी धरून दाराजवळ उभा होता. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सासूबाईंना त्यांनी हातानंच विनंती केली. त्या उठल्या, आणि त्यांच्या स्टुलावर डॉक्टर बसले. हातातला कागद दुमडून त्यांनी खिशात घातला.

"माझं चुकलं," ते धाकटीला म्हणाले. "आता विचारतो. कसं पितं बाळ? सांगा."

धाकटीनं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "पहिल्या दिवसापासून सांगू?"

"पहिल्या दिवसापासून."

आणि ती सांगायला लागली.